गप्प राहिलेला भोंगा

"बाई, आपण सगळे मेलो."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझे साहेब मला हे म्हणाले, आणि तेही भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं इतक्या शांतपणे. मी तेव्हा भंगारातून आणलेल्या वैमानिकाच्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर पट्टी, हातांत चामड्याचे जाडजूड मोजे, आणि कानाशी साहेब स्वतः एक पितळी थाळी चमच्याने बडवत उभे. "इंजिनाला आग लागलीय! आगीचं बटण दाबा! लवकर!" असा आरडाओरडा चालला होता. मी चाचपडत एक बटण दाबलं. ते निघालं दिव्याचं. मग थाळी थांबली आणि आम्ही सगळे मेलो.

मी पुण्याची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास झालेली, आणि तोंडाने कोणाला हार न जाणारी. पट्टी ओढून काढली आणि म्हटलं, "मी इथे इंजिनीअर म्हणून आलेय, आंधळी कोशिंबीर खेळायला नाही."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "तुमची चूक नाहीच मुळी. ही दोन बटणं हाताला सारखी लागतात, ती तशी कोणी केली? मी. उद्या एकाला खाच पाडतो. चहा खाणार का?"

चहा खाणार! मी बघतच राहिले. साहेब जन्माने कलकत्त्याचे, त्यांचे वडीलही कलकत्त्याचे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बंगाली, त्यामुळे त्यांचं मराठी आईकडून आलेलं, जरा जुन्या वळणाचं, आणि बंगाल्यांसारखे तेही चहा, पाणी, सिगारेट सगळं खायचे. पहिल्या आठवड्यात मी त्यांना सुधारायचा प्रयत्न केला. नंतर मीच घरी एकदा ह्यांना "चहा खाल्लात का" विचारलं आणि तो नाद सोडला.

ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली म्हणून मी तिथे गेले. सत्तरच्या सुरुवातीची ती वर्षं. डमडमच्या विमानतळामागे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. केंद्र सरकारचं एक छोटंसं खातं तिथे विमानात बसवायची उपकरणं तयार करायचं. विमान नव्हे बरं का, विमानाच्या पोटातले डबे. उंची दाखवणारा डबा, आग लागली तर सांगणारा डबा, तेल संपत आलं की दिवा लावणारा डबा. आमच्या शेडीत सगळ्याच उपकरणांना डबा म्हणत आणि साहेबांना त्याचा अभिमान होता. "उपकरण म्हटलं की माणूस फुगतो," ते म्हणायचे. "डबा म्हटलं की जमिनीवर राहतो."

दिसायला साहेब म्हणजे काय सांगावं! बुटके, जाड काचांचा चष्मा, धोतरावर कोट. जरा गार वारा सुटला की डोक्यात माकडटोपी, आणि कलकत्त्यात गार वारा म्हणजे पुण्यात आपण पंखा लावतो तेवढा. हातात बारमाही छत्री. या छत्रीच्या टोकाने ते प्रत्येक डब्याला सकाळी हलकेच ठोकत आणि कान लावून ऐकत. मी विचारलं, "काय म्हणतोय?" तर म्हणाले, "अजून काही नाही. पण आपण विचारत असतो हे त्याला कळलेलं बरं."

डबा कसा असावा याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. डबा चुकला तर चालेल, पण आपण चुकतोय हे त्याने कबूल केलं पाहिजे. म्हणून आमच्या प्रत्येक डब्यावर एक छोटं लाल निशाण असायचं. आत काही बिघडलं की ते खाली पडायचं, म्हणजे वैमानिकाला कळावं की याच्यावर आता विश्वास ठेवायचा नाही. हे निशाण बसवायला खर्च येतो, जागा जाते, वजन वाढतं. दिल्लीहून दरवेळी त्यावर प्रश्न यायचा आणि साहेब दरवेळी उत्तर द्यायचे, "वजन वाढतं हे खरं. माणसंही वजनदारच असतात."

लोडशेडिंग म्हणजे तर त्यांचा सणच. दिवे गेले की सगळं शहर सरकारला शिव्या घालायचं आणि आमचे साहेब अंधारात टाळ्या वाजवायचे. "बघा, बघा, आता वीज परत येताना कशी उसळी मारते ते बघा. ही चाचणी दिल्लीकरांना कुठे मिळणार?" आणि वीज आली की प्रत्येक डब्याची चौकशी करत फिरायचे, आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखे.

पण खरी गंमत होती ती डब्यांच्या पाहुणचाराची. नवा डबा तयार झाला की साहेब तो आठवडाभर घरी घेऊन जायचे. घर श्यामबाजारला. शेडीतून बसने बेलगाछियाला जायचं आणि तिथून ट्रामने घरी, डबा मांडीवर. ट्रामचे हादरे म्हणजे फुकटची चाचणी. घरी मग डबा कधी चुलीशेजारी, कधी न्हाणीघरात, कधी गच्चीत उन्हात. सोबत बॅटरी आणि एक साधा मीटर. दिवसातून दोनदा ते त्याची नाडी बघत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नागपूरच्या. त्या म्हणायच्या, "माझ्या माहेरचं माणूस आलं तर यांना चार दिवसांत जड होतं. आणि हे मेले डबे!"

एकदा या पाहुणचारापायी चांगलंच शेकलं. ते दिवस असे होते की शहरात रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटत होता. आणि हा माणूस भर दुपारी ट्राममध्ये मांडीवर वायरी लोंबणारा लोखंडी डबा घेऊन बसलेला, अधूनमधून त्याला कान लावतोय! शेजारच्याने विचारलं, "दादा, एटा की?" म्हणजे हे काय आहे? साहेबांनी अगदी मन लावून सांगितलं, "थांबा, आता वाजेल." अख्खी ट्राम रिकामी झाली. ड्रायव्हरसुद्धा उडी मारून पळाला. ठाण्यावरून फोन आला तेव्हा मी ओळखपत्रं घेऊन धावले. साहेब फौजदाराला निशाणाचं महत्त्व समजावून सांगत होते आणि फौजदार बिचारा कपाळाला हात लावून बसला होता. बाहेर आल्यावर मी चांगलंच फैलावर घेतलं त्यांना. तर म्हणतात कसे, "बाई, एवढी धक्काबुक्की झाली, पण एकही कनेक्शन सुटलं नाही."

आता त्या भोंग्याच्या डब्याविषयी.

विमानाचा वेग फारच कमी झाला की पंखांखालची हवा त्याला उचलून धरत नाही आणि विमान खाली कोसळायला लागतं. उतरताना जमीन जवळ असते, तेव्हा असं झालं तर सावरायला वेळच नसतो. म्हणून ते होण्याच्या जरासं आधी वैमानिकाच्या कानाशी भोंगा वाजला पाहिजे. हा भोंगा वाजवणारा डबा साहेबांनी काढला होता. आराखडा सगळा त्यांचा, पेन्सिलीने काढलेला. आम्ही बाकीचे जोडणी आणि चाचण्या करणारे.

या डब्यावर सगळं अडलं होतं. दिल्लीत निम्म्या लोकांचं मत होतं की ही शेड बंद करावी आणि डबे परदेशातून मागवावेत. समिती येणार, भोंगा पास करणार, म्हणजे शेड टिकणार. नाहीतर सगळ्यांच्या बदल्या. माझं तर पुढचं सरळच होतं. ह्यांची बँक कलकत्त्यात, माझी बदली कुठे बंगलोरला झाली असती तर मला राजीनामा द्यावा लागला असता. बाईमाणसाला अशी नोकरी त्या काळी पुन्हा कोण देत होतं?

आणि डबा पास होणारच होता. टेबलावर वाजला, हादऱ्यात वाजला, आमच्या गळक्या थंडपेटीत बर्फ साचेपर्यंत ठेवला तरी वाजला. विमानात बसवून डमडमभोवती खालून घिरट्या घातल्या, तिथेही खणखणीत वाजला. मग रिवाजाप्रमाणे साहेब त्याला घरी घेऊन गेले.

समिती यायच्या दोन दिवस आधी सोमवारी ते शेडीत आले. डब्याला मुडी चिकटलेली. मुडी म्हणजे आपले कुरमुरे. घरी वहिनींची बहीण आली होती, लोकांसमोर हे काय ध्यान म्हणून वहिनींनी डबा उचलून मुडीच्या पत्र्याच्या पिंपात टाकला आणि वर झाकण लावलं. मुडी कुरकुरीत राहावी म्हणून त्या पिंपात कळीच्या चुन्याची पुरचुंडी असायची. शनिवार-रविवार डबा त्यात पडून होता आणि साहेब घरभर त्याला शोधत होते.

साहेबांनी तो टेबलावर ठेवला, तारा जोडल्या, वेग कमी झाल्याची खूण दिली. भोंगा गप्प. लाल निशाणही जागचं हललं नाही. पुन्हा दिली. गप्प. आम्ही सगळे जमा झालो. चहा येईपर्यंत काहीच घडलं नाही, आणि मग कोणी हातसुद्धा न लावता भोंगा आपला आपण वाजायला लागला. त्यानंतर दिवसभर दर वेळी वाजला.

मी सुटकेचा श्वास टाकला. "सैल कनेक्शन असेल हो साहेब."

"असेल. कुठलं ते दाखवा."

आम्ही सगळी कनेक्शनं तपासली. एकही सैल नव्हतं. साहेब खुर्चीत बसून डब्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "बाई," ते हळूच म्हणाले, "आपोआप बरा झाला म्हणजे तो बरा झालेला नाही. हा वर जाऊन गप्प बसला तर?"

बुधवारी समिती आली. अध्यक्ष म्हणजे दिल्लीचे एक मोठे अधिकारी, उंचेपुरे, हसतमुख. माणूस चांगला होता, डबा पास करायलाच आला होता. सगळ्या चाचण्या झाल्या, भोंगा दर वेळी वाजला. अध्यक्षांनी पेन उघडलं आणि साहेबांच्या पुढे कागद सरकवला.

"मी सही करू शकत नाही," साहेब म्हणाले. "हा डबा सोमवारी गप्प बसला होता."

"कुठल्या चाचणीत?"

साहेबांनी धोतराचा सोगा सारखा केला. "कुरमुऱ्यांच्या पिंपात."

समिती अशी हसली म्हणता! एकाच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. मी मान खाली घातली. अहो, इतकी वर्षं राबलेला माणूस, आणि त्याला हे लोक विदूषकाला हसतात तसे हसत होते. आणि खरं सांगते, मला साहेबांचा रागही आला होता. कशाला बोलायचं? कोणी विचारलं होतं का? माझी नोकरी, शेडीतल्या सगळ्यांची पोरंबाळं, या कशाचाच विचार नाही?

हसणं ओसरेपर्यंत साहेब थांबले. मग म्हणाले, "उद्या एक उड्डाण द्या. खालून नको, उंचावरून. तिथे वाजला तर मी लगेच सही करतो."

आता उड्डाणाबद्दल सांगायला हवं. आमच्या शेडीचा एक नियम होता, साहेबांनीच केलेला. डबा ज्याने काढला त्याने चाचणीच्या उड्डाणात डब्याबरोबर वर जायचं. आणि साहेबांना विमानाची भयंकर भीती! साधीसुधी नव्हे. सकाळपासून अन्नाचा कण नाही, चाकं जमिनीवरून सुटायच्या आधीच डोळे गच्च मिटलेले, एका हातात सीटचा दांडा, दुसऱ्या हातात कागदी पिशवी. मी एकदा विचारलं होतं, "एवढी भीती वाटते तर हा नियम केलात कशाला?" म्हणाले, "अहो, केला नसता तर मी कशाला वर गेलो असतो?"

गुरुवारी आम्ही तिघं वर गेलो. हवाई दलातून निवृत्त झालेले सरदारजी वैमानिक, मीटर घेऊन मी आणि मिटल्या डोळ्यांचे साहेब. जुनं दोन इंजिनांचं मालवाहू विमान, आत थंडी शिरलेली. ढगांच्या वर जाऊन आम्ही बराच वेळ फिरलो. मग सरदारजींनी इंजिनाचा जोर कमी केला आणि नाक वर धरलं. वेग उतरू लागला. मी भोंग्याकडे बघत होते. आता वाजेल, आता वाजेल. विमान थरथरायला लागलं. भोंगा गप्प. निशाणही गप्प. मग विमान एकदम खाली कोसळलं, मी किंचाळले, समोर ढग वर धावून आले. सरदारजींचा हात सराईत, त्यांनी नाक खाली घालून विमान सावरलं. खाली दोन मैल मोकळी हवा होती म्हणून वाचलो.

साहेबांनी डोळे उघडले होते. चेहरा पांढराफटक. "ऐकलंत बाई?" ते म्हणाले. "काही ऐकू आलं नाही ना?"

कालचा माझा राग कुठल्या कुठे गेला. उतरताना जमिनीजवळ हे झालं असतं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आम्ही खाली येऊ लागलो. साहेब अधूनमधून खूण द्यायला सांगत होते, मी देत होते. ढगांतून खाली उतरलो, कलकत्त्याची ती ओली, चिकट हवा आत आली आणि काही वेळाने भोंगा वाजला. साहेबांनी कपाळावर हात मारला. "हवा! बाई, आपला डबा हवेवर चाललाय!"

शेडीत येऊन त्यांनी आराखडा उघडला आणि जागेवर बोट ठेवलं. एके ठिकाणी एक टोक मोकळं राहिलं होतं. तिथे एक साधा रेझिस्टर हवा होता. दमट हवेने बोर्डावर ओल धरायची, त्या ओलीतून कणभर वीज झिरपायची आणि नसलेल्या रेझिस्टरचं काम करायची. पिंपातल्या चुन्याने ती ओल शोषून घेतली, आणि ढगांच्या वर हवाच कोरडी. आमची थंडपेटी गळकी, तिथेही ओलच. त्यामुळे कलकत्त्यात हा डबा कधी नापास होणंच शक्य नव्हतं. कोरड्या पुण्यात बनवला असता तर पहिल्या दिवशीच सापडला असता.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. आता ते हसत नव्हते. साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "दोष हवामानाचा असं लिहा. मी तुम्हाला मुदत मिळवून देतो. आराखड्याची चूक लिहिलीत तर मी तुम्हाला या खुर्चीवर ठेवू शकणार नाही."

"हवेने काय केलं?" साहेब म्हणाले. "बिचारी माझी चूक झाकत होती." आणि त्यांनी स्वच्छ अक्षरांत आराखडा काढणाऱ्याची चूक असं लिहिलं, खाली सही केली.

दिल्लीने शेडीला एक संधी दिली. अध्यक्षांनीच भांडून दिली म्हणे. पण साहेबांची खुर्ची गेली. ती आली माझ्याकडे, कारण त्यांच्या खालोखाल मीच होते. ते शेडीतच राहिले, खिडकीशेजारच्या टेबलावर. पहिल्या दिवशी मी आत आले तर हा माणूस उठून उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅडम."

"साहेब, असं कराल तर मी उद्यापासून यायची नाही," मी म्हटलं. आणि मला रडूच फुटलं.

"मी खुर्चीला म्हणतोय," ते म्हणाले. "तुम्ही कशाला रडताय?"

रेझिस्टर बसला, बोर्डावर वार्निश चढलं, डब्याला कोरड्या हवेत आठवडा काढायला लावला. निशाणाची जोडणीही बदलली, म्हणजे असं टोक पुन्हा कुठे मोकळं राहिलं तर ते पडलंच पाहिजे. मग उड्डाणाचा दिवस आला. कागदोपत्री आता डबा माझा होता, त्यामुळे नियमाने मी जायचं. साहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी मी धावपट्टीवर पोचले तर माकडटोपी घालून हे आधीच विमानात. पिशवीसुद्धा उघडून हातात धरलेली.

"तुम्ही कशाला आलात?" मी रागावलेच. "तब्येत बघा जरा आपली."

"रेझिस्टर कोणाचा राहिला होता?" ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

वर गेलो. हवा कोरडी होईपर्यंत फिरलो. साहेबांना दोनदा उलटी झाली. मग सरदारजींनी मागे वळून मान हलवली आणि नाक वर धरलं. इंजिनांचा आवाज पडला. विमान थरथरायच्या बेताला आलं आणि माझा हात आपोआप दांड्यावर घट्ट झाला. तेवढ्यात भोंगा किंचाळला. काय तो आवाज! कानठळ्या बसवणारा, अंगावर काटा आणणारा, आणि मला तर वाटलं याच्याहून गोड काही मी आयुष्यात ऐकलं नाही. सरदारजींनी हसत विमान सावरलं आणि ओरडले, "दादा, पास! बिलकुल पास!"

साहेबांनी तोंडापुढची पिशवी खाली घेतली. चष्मा घसरला होता. "पुन्हा एकदा," ते म्हणाले.

"अरे दादा, आप की हालत तो देखिए."

"एकदा वाजला म्हणजे नशीबही असू शकतं. पुन्हा एकदा करा. आणि मग आणखी एकदा."

सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं. हुकूम आता माझा लागत होता. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "वो जो बोलते हैं, वही कीजिए."

साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि विमानाचं नाक पुन्हा वर चढू लागलं.